ठाणे-नवी मुंबईतली सायकलची छोटी दुकानं : अनुभव इथे लिहा

घोडबंदरकर

लेकीला नवीन सायकल घ्यायची आहे आणि माझ्या हायब्रिडची चेन चढावर जोर दिला की दात सोडते. ही दोन कामं घेऊन कळव्यापासून कासारवडवलीपर्यंतची सायकलची दुकानं पालथी घालतोय. मॉलमधली आणि कंपनीच्या नावाची शोरूम्स या धाग्यात नकोत. मालक स्वतः गल्ल्यावर, हाताशी एक कारागीर नि एक पोऱ्या, फुटपाथवर साखळीने बांधलेला हवेचा पंप, अशा दुकानांबद्दल बोलूया.

एकच अट. अनुभव वाईट असेल तर दुकानाचं नाव नको, भाग सांगितलात तरी पुरे. चांगल्या दुकानाचं नाव हवं असेल त्याने व्यनि (खाजगी निरोप) करावा, नाहीतर उद्यापासून इथे जाहिराती सुरू होतील.

सुरुवात मीच करतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. त्याच सुमारास एकाच मॉडेलचा भाव दोन ठिकाणी विचारला होता. वर्तकनगरच्या बाजूचा मालक म्हणाला, "हा जुना माल आहे साहेब, बारा टक्क्यांनी भरलेला. नवीन भाव नवीन मालाला." कळव्यातल्याने एक शब्द न बोलता टॅगवरचा आकडा पेनने खोडला, कॅल्क्युलेटर काढला आणि खाली नवा आकडा लिहिला. विक्रीच्या दिवशी जो दर असेल तो कर लागतो, माल कधी भरला याचा संबंध नाही, एवढं मलाही ठाऊक होतं. पण मी काही बोलायच्या आत त्याने खोडलं, हे महत्त्वाचं.

दुकान जोखायची माझी पद्धत साधी आहे. हा माणूस 'नाही' कधी म्हणतो ते बघायचं. 'हे बदलायची गरज नाही', 'हे माझ्याकडे होणार नाही', 'ही सायकल तुमच्यासाठी नाही'. ज्याच्या तोंडून कधीच 'नाही' निघत नाही त्याच्यापासून मी चार हात लांब राहतो. तुम्ही कसं ओळखता?

नौपाडाकर

पहिल्याच पोस्टमध्ये नस पकडलीत.

जांभळी नाक्याच्या आसपास पूर्वी तासावर सायकली भाड्याने मिळायच्या. त्यातला एक जण अजून बसतो. भाड्याचा धंदा कधीच आटोपला, आता पंक्चर, हवा आणि जुन्या काळ्या सायकलींची डागडुजी. वालट्यूबचं, म्हणजे व्हॉल्व्हवर चढवायच्या रबरी नळीचं, भेंडोळं अजून त्याच्या डब्यात असतं. नव्या पोरांना ते रबर कशाला लागतं हेही माहीत नसेल.

त्याचं पंक्चर काढणं बघण्यासारखं. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबून बुडबुडे बघतो, खूण करतो, पुसून कोरडी करतो, कानशीने खरवडतो, सोल्यूशन लावतो आणि मग चक्क विडी ओढत बसतो. घाई केली तर म्हणतो, "वाळू दे की. ओल्यावर चिकटवलं तर परत माझ्याकडेच येशील." पॅच बसला की टायरच्या आतून बोट फिरवतो, पूर्ण गोल. काटा नाहीतर तारेचा तुकडा सापडेपर्यंत ट्यूब आत घालत नाही. आमच्या रस्त्यांवर ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारा पडलेल्या असतात. त्या बाहेरून दिसत नाहीत, बोटालाच लागतात. जो कारागीर हे बोट फिरवत नाही त्याच्याकडून निघाल्यावर पुढच्या सिग्नलला पुन्हा हवा जाते.

आता तुमच्या मुद्द्याचं. नातवाची हायड्रॉलिक डिस्कब्रेकची सायकल घेऊन गेलो. त्याने नुसती नळी बघितली आणि हात मागे घेतला. "हे तेलाचं काम आहे. माझ्या हातून बिघडेल. कोलबाडला पोरगा आहे एक, त्याच्याकडे न्या." पैसे सोडून दिले, पण गिऱ्हाईक वाऱ्यावर सोडलं नाही.

स्वस्त_आणि_टिकाऊ

सगळं छान आहे, पण हे भावनिक व्हायचं काम झालं. सेलमध्ये तीच सायकल ऑनलाइन अडीच-तीन हजारांनी स्वस्त पडते. दुकानदार आपला मामा आहे का?

आणि तुमच्या त्या 'नाही'बद्दल. मी ऑनलाइन मागवलेली सायकल खोक्यासकट घेऊन मानपाड्याच्या एका दुकानात गेलो होतो. "आमच्याकडून घेतली नाही ना, मग जोडणार नाही." हा पण 'नाही'च. याला किती गुण देणार?

सई_सीवूड्स

माझा अनुभव वेगळ्या अंगाने. नेरूळमधलं दुकान, नवरा सोबत होता. नवरा सायकल चालवत नाही, त्याला सायकलीतलं ओ का ठो कळत नाही. मी विचारलं, "याला मागे ३४ दातांची कॅसेट बसेल का?" कॅसेट म्हणजे मागच्या गिअरचक्र्यांचा संच. उत्तर नवऱ्याला. "सर, बसेल, पण मॅडमना एवढी लागणार नाही." मी पुन्हा विचारलं, पुन्हा उत्तर नवऱ्याला. मग बास्केटवाल्या गुलाबी सायकलींच्या रांगेकडे बोट. मी २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण केलेली आहे, हे मी सांगितलं नाही. नवऱ्यानेच सांगितलं. तेव्हा मालक म्हणाला, "अरे वा, सरांनी चांगली ट्रेन केलीय."

तिथून निघालो.

आता मी बेलापूरच्या बाजूला जाते. दुकान अगदीच लहान, आत तीन माणसं उभी राहिली तर चौथ्याने बाहेर थांबायचं. तिथला मुलगा आधी विचारतो, "कुठे कुठे चालवता?" पामबीचवर सपाटीला की खारघरच्या टेकडीवर, सोबत सामान असतं का, किती वेळ बसता, दुखतं कुठे. हाताला मुंग्या येतात म्हटल्यावर मी महागड्या ग्लोव्हजची तयारी ठेवली होती. त्याने सीटचं नाक जरासं खाली झुकलं होतं ते सरळ केलं, पुढचा भार हातांवर येत होता म्हणाला. पैसे घेतले नाहीत. त्यानंतर मी त्याच्याकडून टायर, लाइट, पेडल सगळं घेतलंय, एका रुपयाचीही घासाघीस न करता. धंदा असा होतो.

पामबीच_पहाटे

सईताई, +१. वाशीकडे एक चकाचक दुकान आहे, तिथे आत शिरताच आधी बुटांकडे बघतात आणि मग "बजेट काय?" विचारतात. तीस हजार म्हटलं की कोपऱ्यातल्या रांगेकडे बोट दाखवून मालक पुन्हा फोनमध्ये.

पण खरं ते सांगायला हवं. त्याच दुकानातला कारागीर चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढतो तसा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. सायन-पनवेल हायवेच्या एका खड्ड्याने माझी मागची रिंग अशी वाकवली होती की दोन जणांनी नवीन चाकच घ्या म्हणून सांगितलं होतं. याने आधी सगळे स्पोक बोटांनी टिचकी मारून ऐकले, जे ढिले वाटले तिथे टेप लावली, मग निपल पाव-पाव वळसा फिरवत बसला. ताण एका बाजूला वाढवला की दुसऱ्या बाजूला सोडायचा, नाहीतर चाक सरळ दिसतं पण अंड्यासारखं होतं. ती रिंग अजून चालतेय. मालक उद्धट, कारागीर सोन्याचा. मी सरळ मागच्या दाराने कारागिराकडे जातो.

तेलकट_हात

घरी बरंच काही स्वतः करतो, त्यामुळे दुकानात गेलो की माझी नजर हातांवर असते. मित्रांच्या दोन केसेस सांगतो. दोन्ही ठाण्यातल्या, दोन्ही वेगळ्या दुकानांतल्या.

पहिली, ब्रेकची. शिमानोचे हायड्रॉलिक ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात. मोटरसायकलचं ब्रेक फ्लुइड म्हणजे डॉट, ते वेगळं रसायन. एका दुकानाने "तेल ते तेल" म्हणत मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये बाइकचं डॉट भरलं. सुरुवातीला ब्रेक फर्स्टक्लास लागले. मग आतले रबरी सील फुगले, लिव्हर दाबलेला परत येईना. मित्र तेव्हा येऊर उतरत होता. नशीब की मागचा ब्रेक धड होता. पूर्ण सेट बदलावा लागला. उलटंही होतं बरं का, स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकना डॉटच लागतं. लिव्हरवरच्या झाकणावर कोणतं तेल ते लिहिलेलं असतं. दुकानदाराने ते वाचलं की नाही, एवढंच बघा.

दुसरी, टायरची. सव्वीस म्हणजे सव्वीस, असं समजू नका. डोंगरी सायकलचं २६ × १.९५ आणि जुन्या लेडीज सायकलचं २६ × १ ३/८ ही दोन वेगळी मापं. पहिल्याची रिंग ५५९ मिलिमीटरची, दुसऱ्याची ५९०. मित्राला दुसरं टायर पहिल्या रिंगवर चढवून दिलं. चढलं आरामात, कारण मोठंच होतं. हवा भरल्यावर मात्र टायर रिंगवरून सुटून ट्यूब फुग्यासारखी बाहेर आली आणि दुकानातच फुटली. दुकानदार म्हणतो, ट्यूब खराब होती! टायरच्या कडेला बारीक अक्षरात ३७-५९० किंवा ५०-५५९ असं छापलेलं असतं. शेवटचे तीन आकडे जुने आणि नवे सारखे असले की झालं. आणि गंमत म्हणजे २९ इंची आणि ७००सी (रोड बाइकचं माप) या दोन्हींची रिंग एकच, ६२२. यावर दुकानात पैजा लागतात.

घोडबंदरकर, तुमची चेन दात सोडते म्हणालात. दुकानात चेन मोजली का कोणी?

घोडबंदरकर

नाही ना. एकाने लांबूनच बघून सांगितलं, "चेन, कॅसेट, पुढची चक्री, सगळा सेट गेला." आकडा ऐकून मी पाणी मागितलं. दुसऱ्याने स्क्रू पिळून गिअर जुळवून दिला, ते दोन दिवस टिकलं. चेन मोजायची कशी?

तेलकट_हात

दुकानात त्यासाठी पत्र्याची छोटी पट्टी असते, चेनमध्ये अडकवून बघतात. घरी स्टीलची फूटपट्टी घ्या. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. नव्या चेनमध्ये बारा इंचांवर बरोबर दुसऱ्या पिनचा मध्य येतो. तो १/१६ इंच पुढे सरकला असेल तर चेन बदलायची वेळ झाली, एवढ्यावर भागतं. १/८ पर्यंत गेला असेल तर मागच्या कॅसेटचेही दात त्या ताणलेल्या चेनने खाल्लेले असतात. मग नवी चेन टाकली की ती जुन्या दातांवरून उड्या मारते. म्हणून कधी कधी दुकानदार सेट बदला म्हणतो ते खरंही असतं. पण मोजून सांगावं की!

घोडबंदरकर

मोजली. १/१६ च्या किंचित पुढे. म्हणजे कॅसेट अजून जिवंत असावी. सेटवाल्याला रामराम.

कोपरखैरणेकर

माझी तक्रार ऐका. सर्व्हिसिंगला दिली सायकल, परत आणल्यावर डावं पेडल वाकडं फिरायला लागलं आणि आठवड्याभरात रस्त्यात गळून पडलं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या उलट दिशेने आवळायचं. पोऱ्याने उजव्यासारखं पिळलं, बसेना म्हणून पान्ह्याला पाइप लावून रेटलं असणार. क्रँक, म्हणजे पेडल ज्यात बसतं तो दांडा, ॲल्युमिनियमचा, पेडलचा आस लोखंडी. कोण हरणार ते उघड आहे. आतले आटे साफ.

दुकानदार म्हणतो, "तुम्ही कुठेतरी आपटली असेल." बिल मागितलं तर "सर्व्हिसिंगचं कसलं बिल?" भिंतीवर मोठी पाटी, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. गप्प बसून नवीन क्रँक दुसरीकडून बसवला. काय करता येतं अशा वेळी?

वकीलकाकू

आधी बिल. कोणतंही काम टाकताना मोबाइलवर का होईना, काय काम आणि किती रुपये ते लिहून घ्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे वस्तूचं किंवा सेवेचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. 'माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत आणि काही लिहिलेलं नसेल तर तीस दिवसांच्या आत सदोष माल परत घ्यायला नकार देणं हेही त्याच कलमात येतं. रंग आवडला नाही म्हणून परत करायला हा कायदा नाही, ते वेगळं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. एका पेडलसाठी ग्राहक आयोगापर्यंत जायची सहसा वेळ येत नाही. तक्रार नोंदवली असं शांतपणे सांगितलं की पुष्कळांना आठवतं पान्हा कोणी फिरवला होता ते.

दुकानदाराचा_मुलगा

बरेच दिवस फक्त वाचत होतो, आज लिहितो. वडिलांचं ठाणे पूर्वेला सायकलचं दुकान, मी शनिवार-रविवारी बसतो. दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी.

आधी जीएसटी. घोडबंदरकरांचं बरोबर आहे, दर विक्रीच्या दिवशीचा. नेहमीच्या नोंदणीतला दुकानदार भरलेल्या बारा टक्क्यांची वजावट घेतो, त्याला "जुना माल" ही सबब नाही. पण लहान दुकानं पुष्कळदा कंपोझिशनमध्ये, म्हणजे जीएसटीच्या लहान व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या योजनेत, असतात. त्यांना गिऱ्हाईकाकडून वेगळा कर घेता येत नाही आणि खरेदीवर भरलेल्याची वजावटही नाही. त्याच्यासाठी जुन्या मालातले बारा टक्के खरोखरच खिशातून गेलेले. वर्तकनगरवाला त्यातला असेल तर तो खोटं बोलत नव्हता. बिलावर कंपोझिशनचा उल्लेख असतो, ते बघून मग शिव्या द्या.

आता खोक्यातली सायकल न जोडणं. स्वस्त_आणि_टिकाऊ, तुमचा राग समजतो. पण सायकल तयार येत नाही, हे आधी समजून घ्या. लुधियानाहून येवो की बाहेरून, खोक्यात पुढचं चाक सुटं, हँडल आडवं बांधलेलं, पेडल सुटी, ब्रेक-गिअर नुसते लोंबकळत. बरेच जण चार बोल्ट आवळून 'जोडली' म्हणतात. नीट करायची तर चाकांचे छर्रे किती आवळलेत ते बघावं लागतं, कारखान्यातून बहुतेक वेळा घट्टच येतात. ग्रीस असतंच असं नाही. चाकांचा आऊट, ब्रेकची रबरं, वायरींचा ताण. एका कारागिराचा अर्धा दिवस जातो. आमच्याकडून घेतलेल्या सायकलीत ही मजुरी किमतीतच धरलेली असते, तुम्हाला दिसत नाही इतकंच. ऑनलाइनवाल्याला तीच मजुरी वेगळी सांगितली की तो म्हणतो, "चार नट आवळायचे एवढे पैसे?" मग भांडण. आणि महिन्याने काही कुरकुरलं तर तो कंपनीला मेल करत नाही, आमच्या दारात उभा राहतो. म्हणून काही जण सरळ 'नाही' म्हणतात. वडील 'नाही' म्हणत नाहीत, मजुरी आधी सांगतात आणि कागदावर लिहितात. जो मान्य करतो त्याची जोडतात.

लॉकडाउननंतर २०२० मध्ये लोक सायकलींवर तुटून पडले ते सगळ्यांना आठवतं. मुलांच्या सायकली तर दुकानात टिकत नव्हत्या, शिमानोच्या साध्या गिअरलाही महिनोन् महिने वाट बघावी लागायची. त्याच वर्षी ३ जूनला, म्हणजे जागतिक सायकल दिनालाच, ॲटलास सायकल कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला, हा योगायोग वडिलांच्या फार जिव्हारी लागला होता. त्यांची पहिली डीलरशिप ॲटलासची. पुढे गर्दी ओसरली. चढ्या भावाने भरलेला माल गोदामात आणि गिऱ्हाईक जिमला परत. आमच्यासारख्यांचे पैसे त्यात अडकले. आता दुकान नव्या सायकलींच्या विक्रीवर चालत नाही, दुरुस्तीवर आणि सुट्या भागांवर चालतं. तुम्ही दुकानात वापरून बघता, उंची जुळवून घेता, फोटो काढता आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवता. वडील तेही ओळखतात. चहा मात्र पाजतात.

कारागिरांचं म्हणाल तर नवीन पोरं टिकतच नाहीत. ज्याला पान्हा धरता येतो तो दुसऱ्या दिवशी मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये जातो, तिथे पगार जास्त. कोपरखैरणेकरांच्या पेडलचं जे झालं ते त्यातूनच. समर्थन करत नाहीये. दुकानाने भरपाई द्यायलाच हवी होती.

स्वस्त_आणि_टिकाऊ

हे पहिल्यांदाच कोणीतरी नीट सांगितलं. मजुरी किती ते आधी सांगितली असती तर मी दिली असती. तोंडावर दार लावल्याचा राग आला होता.

तरीही, अडीच हजारांच्या फरकातून मजुरी वजा केली तरी माझे पैसे वाचतातच. धन्यवाद.

चष्मिष

वाचतात, पण कसे वाचतात त्यावर आहे. आमच्या सोसायटीत, घोडबंदर रोडवर, एका मुलाची नवी सायकल बघितली, वडिलांनी घरीच जोडलेली. पुढचा फोर्क, म्हणजे चाक धरणारा चिमटा, उलटा! पुढचं चाक जवळजवळ पेडलला चिकटलेलं आणि ब्रेक पुढे असायचा तो मागे, सीटकडे तोंड करून. वळताना पोराची चप्पल चाकाला लागत होती. मुलगा म्हणतो, "पप्पांनी यूट्यूब बघून केलं." त्याला ओढतच खालच्या दुकानात नेलं. मालकाने हसू दाबत हँडल सोडवून फोर्क फिरवून दिला. आणि मेट्रोच्या कामाने खोदलेल्या त्या रस्त्यावर पोराला एकट्याला पाठवू नका, असं पप्पांना फोनवर सुनावलं ते वेगळंच.

नौपाडाकर

दुकानदाराचा_मुलगा, वडिलांना नमस्कार सांगा. वापरून बघून ऑनलाइन घेणाऱ्यांचं तुम्ही फारच गोड शब्दांत लिहिलंत. मी असतो तर चहा नसता पाजला.

मी_मुलुंडचा

धागा झकास चाललाय, वाचनखूण साठवली. मुलुंड चालेल का ठाण्यात?

नौपाडाकर

चेकनाक्याच्या अलीकडे की पलीकडे?

पामबीच_पहाटे

अवांतर : प्रेस्टा व्हॉल्व्हवाल्यांनी (रोड बाइकच्या ट्यूबचा तो बारीक व्हॉल्व्ह) एक पितळी ॲडॉप्टर कायम जवळ ठेवा, छोट्या दुकानात पन्नासच्या आत मिळतो. तो नसेल तर पेट्रोल पंपावर किंवा रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरताच येत नाही. आणि असला तरी कॉम्प्रेसर लावताना डोळ्यांत तेल घालून बघा. रोड बाइकची ट्यूब एवढीशी असते, ट्रकच्या टायरला भरणाऱ्या यंत्रापुढे तिचा धुव्वा उडायला वेळ लागत नाही. वाशीला एका पंक्चरवाल्याने मला स्वतःच "हातपंपाने भरा साहेब, माझ्या मशीनचा भरवसा नाही" असं सांगितलं होतं. घ्या, आणखी एक 'नाही'.

घोडबंदरकर

दोन्ही कामं झाली, म्हणून खबर देतो.

चेन कळव्याच्या त्याच दुकानात बदलली. मी फूटपट्टीचं काही बोललो नाही, मुद्दाम. कारागिराने स्वतःहून पट्टी काढली, दोन-तीन ठिकाणी लावली आणि म्हणाला, "फक्त चेन. कॅसेट अजून एक चेन खाईल." बदलून झाल्यावर जुनी चेन कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. हे मला फार आवडलं. काढलेला भाग परत देणाऱ्याला लपवण्यासारखं काही नसतं. पोखरण रोडच्या चढावर आता आवाज नाही.

लेकीची सायकलही तिथेच. मला २६ इंची घ्यायची होती, वाढत्या अंगाची, दोन-तीन वर्षं बघायला नको. मालकाने लेकीला सव्वीसवर बसवलं. पाय जेमतेम टेकत होते आणि उतरताना नळी मांडीला लागत होती. मग चोवीसवर बसवलं आणि ती दुकानासमोरच्या गल्लीत एक चक्कर मारून हसत आली. मी तरीही सव्वीसवरच अडून बसलो. मालक म्हणाला, "मोठी विकायला मला काय, हजार रुपये जास्तच मिळतील. पण ही भीतीने चालवणार नाही आणि सायकल गॅलरीत कपडे वाळत घालायला लागेल. वर्ष-दीड वर्षाने चोवीस माझ्याकडे आणा, चांगली ठेवलीत तर बदलून योग्य भाव देतो." हे त्याने बिलामागे लिहूनही दिलं, सही-शिक्क्यासह. किती ते लिहिलं नाही, त्यामुळे तेव्हा काय होतं ते बघू. ऑनलाइनपेक्षा महाग पडली का? हो, पडली.

आणि दुकानदाराचा_मुलगा, तुमचं वाचून बिल पुन्हा काढून बघितलं. कळवावाला नेहमीच्या नोंदणीत आहे, कर वेगळा दाखवलाय. वर्तकनगरवाल्याला संशयाचा फायदा दिला.

सई_सीवूड्स

लेकीला चोवीस घेतलीत, छान केलंत. आणि दुकानात सगळे प्रश्न तिलाच विचारले ना, तुम्हाला नाही?

घोडबंदरकर

रंग आणि घंटी तिला. पैसे मला.

अनघा_ऐरोली

उशिरा येतेय. माझी सायकल गेल्या पावसाळ्यापासून पार्किंगमध्ये पडून आहे. आमच्याकडे खाडीची हवा, चेन लालबुंद झालीय, ब्रेक दाबला की किंचाळतो. जवळच्या दुकानाने फोनवर "फुल ओव्हरहॉल" सांगितलं. ते म्हणजे नक्की काय? नुसतं धुऊन तेल मारून देतात असं ऐकलंय.

तेलकट_हात

फोनवर ठरवू नका, सायकल घेऊन जा आणि नावं घेऊन विचारा. दोन्ही चाकांचे हब, म्हणजे मधला छर्ऱ्यांचा भाग, उघडणार का? हेडसेट (हँडलखालचं बेअरिंग) आणि मधलं बीबी (पेडलच्या आसाचं बेअरिंग)? जुनं ग्रीस पुसून छर्रे बघणार का? ब्रेक-गिअरच्या आतल्या वायरी आणि बाहेरची नळीही बदलणार का? खाडीच्या हवेने नळीच्या आतच गंज धरतो, नुसतं वरून तेल मारून उपयोग नाही. एवढं सगळं असेल तर ओव्हरहॉल, नाहीतर ते धुणं. चेन लाल झाली असेल तर बदलाच, घासून घेण्यात अर्थ नाही. ब्रेक किंचाळतो तो डिस्कवर कसलं तरी तेल उडाल्याने असू शकतो, चेनवर स्प्रे मारणाऱ्यांच्या बाबतीत हे फार होतं. पॅड काढून दाखवायला सांगा.

रविवारी जाऊ नका. येऊर आणि पामबीचवरून परतलेली सगळी जनता तेव्हा दुकानात असते आणि कारागिराला मान वर करायला फुरसत नसते. आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी जा. आणि हे काम मेच्या आत उरका. पहिला पाऊस पडला की सगळ्यांना एकदम आठवतं.

अनघा_ऐरोली

धन्यवाद. हबचं विचारलं तर तो काय म्हणतो ते बघते. बुधवारी जातेय, लिहून दिलेला आकडा इथे टाकते.

दुकानदाराचा_मुलगा

आकड्यासोबत कामांची यादीही टाका, मग जास्त की रास्त ते सांगतो. आणि काढलेले भाग मागून घ्या.